तीन आखूड, एक लांब

मी शिट्ट्या वाजवायचं काम करायचे. हसू नका. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका गाळ्यात आम्ही अकरा बायका होतो आणि शिट्ट्यांवरच आमच्या चुली पेटायच्या. तोंडाने नाही वाजवायच्या. तशा वाजवल्या असत्या तर दुपारपर्यंत जीव गेला असता. प्लॅस्टिकचे दोन अर्धे भाग यायचे, एकीने आत कॉर्कची गोटी टाकायची, दुसरीने सोल्युशन लावून चिकटवायचं, आणि सगळ्यात शेवटी मी. माझ्यापुढे कॉम्प्रेसरची नळी. शिट्टी नळीला लावायची, पायाने पेडल दाबायचं. वाजली की उजवीकडच्या खोक्यात, नाही वाजली की डावीकडच्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच.

शिट्ट्यांबरोबर अजून एक माल असायचा. काडेपेटीएवढी डबी, तिला पिन. पिन ओढली की अशी किंचाळायची की दाताला कळ यावी. ती तपासायला आम्ही जाड गोधडी ठेवली होती. गोधडीत हात घालून पिन ओढायची आणि पटकन परत लावायची. हा माल परदेशात जायचा. तिकडच्या बायका म्हणे पर्सला अडकवतात, कोण मागे लागलं की ओढतात.

"तिकडच्या बायकापण घाबरतात?" एकदा एका नव्या पोरीने विचारलं.

"मग? तिकडचे पुरुष काय देवळातले आहेत?" चांगुणा म्हणाली. चांगुणा आमच्यातली सगळ्यात जुनी. बारा वर्षं त्याच गाळ्यात, एका कानाने अर्धी बहिरी.

कानात आम्ही कापूस घालायचो, पण कापसाने काय होतंय. घरी गेलं तरी शिट्टी कानात चालूच राहायची. बारीक, लांबून कोणी वाजवतंय अशी. नव्या बायका घाबरून जायच्या. चांगुणा त्यांना सांगायची, "अगं पाहुणी आलीय ती. जेवूनखाऊन झोपशील तोवर जाईल." म्हणून सगळ्या तिला पाहुणीच म्हणायच्या. काल माझी पाहुणी अकरापर्यंत बसली गं. माझी तर नवऱ्याच्या आधी अंथरुणात. असं आमचं चालायचं.

आवाज खरा की पाहुणी, हे ओळखायची युक्तीसुद्धा चांगुणानेच शिकवली होती. दोन्ही कानांत बोटं घालायची. आवाज कमी झाला तर तो बाहेरचा. तसाच राहिला, उलट वाढला, तर पाहुणी.

दोन सेकंदांचं काम. ही युक्ती लक्षात ठेवा. मला सगळं सांगायचंय ते तिच्याचबद्दल.

दोन हजार सहा साल होतं, दिवाळी होऊन गेली होती. बदलापूरच्या टोकाला, खरवईला, आम्ही नवीन बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. तिसरा माळा. आम्ही म्हणजे मी भागीरथी, माझे मालक राजरत्न आणि आमची एकुलती संध्या. मालक अंबरनाथला एमआयडीसीत, पाळी आणि वर ओव्हरटाइम, त्यामुळे नऊच्या आत घरी नाहीत. संध्या वीस वर्षांची. तीपण अंबरनाथलाच, झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात. साडेसात वाजायचे तिला यायला. रिक्षावाले नाक्यापर्यंत आणून सोडायचे, पुढे यायला नाही म्हणायचे. पुढे दहा मिनिटांची वाट. दोन्ही बाजूंना प्लॉट, कमरेएवढं गवत, अर्धवट उभ्या बिल्डिंगा. आणि संध्याकाळी सात वाजले की लोडशेडिंग. खांबावर दिवे होते, पण त्यांचा काय उपयोग?

त्या वाटेवर दोन बायकांची गळ्यातली ओढली होती. एकीच्या मागे कोणीतरी नाक्यापासून चालत आला होता, काही बोलला नाही, नुसता चालत आला. म्हणून मी शेठला म्हटलं, रंग बिघडला म्हणून बाजूला काढलेल्या शिट्ट्या मला द्या.

"ले जा माई, ले जा," शेठ म्हणाला. "रंग का लफडा है, आवाज एकदम फर्स्ट क्लास."

पिशवीभर शिट्ट्या घेऊन मी घरी आले आणि जिन्यात बायकांना बोलावून वाटल्या. कायदा मीच ठरवला. तीन आखूड म्हणजे संकट, या. जिने ऐकलं तिने एक लांब वाजवायची. लांब म्हणजे, ऐकलं, येतेय. म्हणजे तिकडे जी अडकलीय तिला कळेल की कोणीतरी निघालंय. तेवढ्यावर माणूस तग धरतं.

"आनी आयकून तू येशील," तळमजल्यावरची वेणूबाई म्हणाली. ती मूळची खरवईगावची, आमच्याहून वयाने मोठी. "पन तो मानूस दांडगा आसला त?"

"लाटणं आणीन."

"मंग मी खलबत्त्याचा बत्ता आनतंय," ती म्हणाली आणि जिना हसला.

संध्याला काही ती शिट्टी पसंत पडली नाही.

"ए आई, मी काय कंडक्टर आहे? ती पिनवाली आण ना. ओढली की झालं."

"सेल संपला की डबडं. शिट्टीला सेल लागत नाही, श्वास लागतो. श्वास तर घेतेस ना?"

"भांडायला घेते."

"मग वाजवायलापण घे. गळ्यात घाल. आतून घाल, दिसत नाही."

घातली तिने. लाल रंगाची होती, एका बाजूला रंगाचा ओघळ. रोज निघताना ती मला खिजवायला दारात एक लांब वाजवायची. ऐकलं, येतेय. मी आतून शिवी घालायचे.

पहिले पंधरा दिवस बिल्डिंगीतली पोरं नुसत्या शिट्ट्या फुंकत होती. मी दोघांच्या पाठीत धपाटे घातले तेव्हा कुठे थांबली.

तो मंगळवार होता. गाळ्यात मोठी ऑर्डर, दिवसभर पेडलवरून पाय उचलला नव्हता. घरी आले तेव्हा पाहुणी कानात नाचत होती. सात वाजता लाइट गेली. मी मेणबत्ती लावली, परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला बसले. बाहेर काळोख, खाली कोणाच्या तरी घरात लसणाची फोडणी.

आणि ऐकू आलं. तीन आखूड.

मी मान वर केली. परत तीन आखूड. बारीक, लांबून आल्यासारखं. मनात आलं, बोटं घालून बघावं. हात वर नेलेसुद्धा. पण हात पिठाचे. मनगटापर्यंत ओलं पीठ. म्हटलं, आता उठा, पाणी घ्या, हात धुवा, परत बसा... पाहुणीच असणार. दिवसभर मी तीन-तीनच वाजवत होते ना. एका शिट्टीला तीन फुंकर, हाच आमचा तपासायचा नेम.

मी भाकरी थापली. तव्यावर टाकली. ते चालूच होतं. तीन आखूड, जरा थांबून तीन आखूड. दुसरी भाकरी. तिसरी. मला त्या आवाजाचा राग आला. मी मोठ्याने म्हटलं, "पुरे की गं आता, जा."

अर्ध्या तासाने आवाज घोगरा झाला, मग थांबला.

मला बरं वाटलं. हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. बरं वाटलं मला. गेली एकदाची पाहुणी, म्हटलं, आणि तवा उतरवला.

आमच्या वाटेवर नाक्याच्या अलीकडे एका अर्धवट बिल्डिंगीची जमिनीखालची टाकी होती. झाकण नव्हतं, वर नुसता प्लायचा तुकडा. आत माणूस बुडेल एवढं पाणी. संध्या वाट सोडून तिकडे का वळली ते आजपर्यंत कळलेलं नाही. कोणी मागे होतं का, कुत्री अंगावर आली का, का नुसताच काळोखात पाय चुकला. दुकानात काम असलं की तिला उशीर व्हायचा, म्हणून मी वाट बघत बसले. नऊला मालक आले, तिच्या दुकानात फोन केला, ती सात वाजताच निघाल्याचं कळलं. मग बिल्डिंगीतले सगळे बॅटऱ्या घेऊन निघाले. साडेनऊला सापडली. टाकीच्या भिंतीतून सळया बाहेर आलेल्या, त्या दोन्ही हातांनी धरलेल्या. हात मोकळे नव्हते, म्हणून शिट्टी दातांत.

मालकच खाली उतरले होते. त्यांनी दुसऱ्या कोणाला उतरू दिलं नाही.

हवालदाराने विचारलं, "बाई, काही आवाज वगैरे आला का घरी?"

मालक माझ्याकडे बघत होते. भिजलेले, अंगावर सिमेंटचा राडा.

"नाही," मी म्हटलं.

शिट्टी नंतर मला परत मिळाली. हजारो शिट्ट्या हातांखालून गेलेली बाई मी, मला बघताक्षणी कळलं. कॉर्कची गोटी भिजून फुगली होती आणि तोंडाशी अडकून बसली होती. म्हणजे आवाज थांबला तेव्हा माझी पोर थांबली नव्हती. शिट्टी थांबली होती. मी तवा उतरवत होते तेव्हा ती फुंकतच होती.

आम्ही बौद्ध. भूतबीत मानत नाही. छप्पन्न साली माझ्या सासऱ्यांनी घरातले टाक, देव, ताईत सगळं पोत्यात भरून नदीत सोडलं होतं, आणि मालक तर चमत्काराचं नाव काढलं तरी चिडायचे. पुण्यानुमोदनाला भंतेजी आले, मेणबत्त्या लावल्या, परित्राणपाठ झाला. सगळं व्यवस्थित झालं. सगळे गेल्यावर वेणूबाई तेवढी मागे राहिली. माझ्या पायाशी बसली. तोंडातला पदर काढला.

"भागी, मी बी आयकली व्हती गो शिटी," ती म्हणाली. "तीन-तीन येला. मना वाटला, तिची आय हाय घरान. ती जाईल..."

मी तिला धरून हलवलं. मारणारच होते. मग सोडलं. कारण ती निदान बोलली. मी तेवढंही बोलले नव्हते.

"कोणाला सांगू नका," मी म्हटलं.

"तू नाय आयकलीस?"

"नाही."

दुसऱ्याच दिवशी मी गाळा सोडला. चांगुणा म्हणाली होती, सोडलंस की महिन्याभरात कान साफ होतील. झाले. महिन्याभराने कान असे शांत झाले की भिंतीवरच्या पालीचा आवाज यायला लागला.

आणि मग फेब्रुवारीत एक दिवस, सातला लाइट गेली, मी पीठ मळत होते, आणि ऐकू आलं. तीन आखूड.

मी मळतच राहिले. अर्धा तास वाजली. घोगरी झाली. थांबली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ज्या वारी लोडशेडिंगची वेळ बदलायची त्या वारी लाइट असतानाही तेच, साडेसातला. उल्हासनगरच्या कानाच्या डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं, शीर दुखावलीय म्हणाला, गोळ्या दिल्या. मी त्याला विचारलं, शीर दुखावली तर रोज अर्धा तासच कशी दुखते? तो म्हणाला, टेन्शन घेऊ नका.

तुम्ही म्हणाल, बोटं घालून बघायची होती. तुम्ही म्हणाल तसं मीपण रोज म्हणायचे. पण समजा बोटं घातली आणि आवाज कमी झाला... तर? तर ती बाहेर आहे. रोज बाहेर आहे, रोज तिथे टांगलेली आहे आणि रोज मी भाकऱ्या थापतेय. मग मी काय करायचे माहीत आहे? बरोबर सातच्या ठोक्याला परात घ्यायचे. भूक असो नसो. मनगटापर्यंत हात पिठात घालून बसायचे, म्हणजे बोटं कानाला लागायला नकोत. मालक म्हणायचे, "भागी, दोन माणसांना एवढ्या भाकऱ्या?" मी म्हणायचे, सकाळी होतील. सकाळी गायीला घालायचे.

नऊ-दहा महिने काढले असे. अंगावरचं मांस गेलं. वेणूबाई एकदा दबक्या आवाजात म्हणाली, कर्जतकडचा भगत आहे, आणू का. मी तिला जिन्यातून खाली जाईपर्यंत ऐकवलं. माझी पोर काय भूत आहे? ती भूत नाही. तिने हाक मारली होती, तिला ओ मिळाली नाही. एवढंच आहे ते.

वर्ष भरायला दोन दिवस होते. त्या आठवड्यात लोडशेडिंग दिवसापण. गिरणी चार दिवस धड चालली नव्हती. माझा दळणाचा डबा गिरणीत तसाच पडून, घरात पीठ मूठभरसुद्धा नाही. गिरणीवाल्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बिचाऱ्याला कळेना, ही बाई एका दिवसाच्या पिठासाठी रडते का.

सात वाजता लाइट गेली. मेणबत्ती लावली. परात पुढ्यात, रिकामी. हात मांडीवर, कोरडे, स्वच्छ. मी आयुष्यात माझ्या हातांना एवढी घाबरले नव्हते.

साडेसात. तीन आखूड.

परत तीन आखूड.

हात आपोआप वर गेले. बोटं कानांत गेली.

आवाज कमी झाला.

बोटं काढली, वाढला. घातली, कमी झाला. मी पाच वेळा केलं. मग चपलासुद्धा न घालता उठले, खिळ्यावरची माझी शिट्टी घेतली आणि जिना उतरले.

वाटेवर कोणी नव्हतं. गवत वाळलेलं, वारा आला की सळसळायचं आणि थांबायचं. मातीला ओल्या सिमेंटचा वास, आणि तो वास तिथे यायचं काही कारण नव्हतं. ती बिल्डिंग आता पुरी झाली होती, रंग लागला होता, दोन-तीन घरांत माणसंही राहायला आली होती. त्यांच्या खिडक्यांत मेणबत्त्या होत्या, कोणीतरी पोराला पाढे म्हणायला लावत होतं. सात चोक अठ्ठावीस... त्यांना काही ऐकू येत नव्हतं, का ऐकू येत होतं आणि तेही म्हणत होते की जाईल कोणीतरी, कोणास ठाऊक.

टाकीवर आता लोखंडी झाकण होतं. कुलूप होतं. मी गुडघ्यांवर बसले, झाकणाला कान लावला. लोखंड गार.

खालून, अगदी खालून. तीन आखूड. आता आवाज घोगरा झाला होता. गोटी भिजायला लागली होती. पाच-सहा मिनिटं फार तर, मग अडकणार, मला माहीत होतं. माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

मी शिट्टी तोंडात धरली. ओठ एवढे थरथरत होते की पहिल्यांदा नुसती हवा गेली. मग वाजवली. एक लांब. छातीत होता नव्हता तेवढा श्वास घालून, एक लांब.

खालचा आवाज थांबला.

वरचे पाढे पण थांबले.

मी झाकणाला तोंड लावलं. "ऐकलं होतं गं," मी म्हटलं. "तेव्हापण ऐकलं होतं... हात पिठाचे होते बाळा. हात पिठाचे होते..."

खालून काही आलं नाही. पाणी हललं असं वाटलं, पण टाकीतलं पाणी हलतच असतं. मी किती वेळ तिथे होते ते मला सांगता येणार नाही. लाइट आली, वरच्या खिडकीतून एका बाईने ओरडून विचारलं, "कौन है उधर?" मी उठून घरी आले.

मालक दारात उभे होते. माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं त्यांनी.

मी त्यांना सगळं सांगितलं. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहूनच सांगितलं. आत जायचा हक्क वाटेना. हवालदाराला खोटं बोलले, तुमच्या तोंडावर खोटं बोलले, वर्षभर तुमच्या ताटात भाकरी वाढली आणि खोटं बोलले.

ते खाली बसले. भिंतीला टेकून. मग म्हणाले, "किती वेळ वाजत होती?"

"अर्धा तास."

त्यांनी मान हलवली, कोणी साहेबाने हिशेब सांगावा आणि आपण ऐकून घ्यावा, तशी. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते भाकरी खात नाहीत. भात खातात. मी लावते, ते खातात, ताट धुऊन ठेवतात. जास्त बोलणं नाही.

पण तीन आखूड बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी साडेसात वाजले, आठ वाजले, काही नाही. मी कितीतरी महिन्यांनी झोपले. वाटलं, मिळाली तिला ओ. मोकळी झाली. मीपण रडून घेतलं, वर्षभराचं तुंबलेलं.

पाचव्या दिवशी रविवार, मालक घरी. सातला लाइट गेलेली. ते मेणबत्तीपाशी पेपर धरून बसले होते, मी तांदूळ निवडत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"कोण वाजवतंय गं?" ते म्हणाले.

मला काही ऐकू आलं नव्हतं. मी तांदळावरचा हात थांबवला.

लांबून, प्लॉटांच्या पलीकडून. एक लांब.

ऐकलं, येतेय.

मी तांदूळ बाजूला सारले. "तुम्हाला... ऐकू आलं?"

"शिट्टी आहे कोणाची तरी," ते म्हणाले, पण पेपर परत उचलला नाही. कायदा त्यांनाही ठाऊक होता. रोज सकाळी दारात ऐकलेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओव्हरटाइम सोडला. आता ते रोज सहाला घरी येतात. आम्ही दोघं बसतो. ती रोज वाजते, एकदाच, एक लांब. चार दिवस प्लॉटांपलीकडे होती. मग गवतापाशी. मागच्या आठवड्यात गेटवर आली. वेणूबाई तिच्या खिडकीतून बघत होती म्हणे, गेटवर कोणी नव्हतं, पण तिच्या कोंबड्या गप्प झाल्या. परवा पहिल्या जिन्यात. काल दुसऱ्या माळ्यावर.

मालक अजून म्हणतात, आपल्यात हे नसतं. म्हणतात आणि दाराची कडी काढून ठेवतात.

मी चौथी शिकलेली बाई, मला ह्यातलं काही समजत नाही. भीती वाटते का? वाटते. माझ्या पोटची असली तरी वाटते. ती कशी येतेय, काय होऊन येतेय, एवढा वेळ पाण्यात राहिलेली. आणि येऊन मला काय विचारणार. ते विचारलं तर मी कुठे बघू.

आज साडेसातला ती आमच्या माळ्यावर वाजली. दाराबाहेर, अगदी लागून. नेहमीसारखी संपली नाही. वाजतच राहिली. एक लांब, लांब, लांब. जिन्यात ओल्या सिमेंटचा वास भरला. मला सहन झालं नाही. मी भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही कानांत बोटं खुपसली.

एकदम सगळं शांत. काहीच नाही. कमी नाही, जास्त नाही, काहीच नाही. मला वाटलं, गेली. मी वळले.

मालक दाराकडे बघत होते. ओठ हलले त्यांचे. मला ऐकू आलं नाही, म्हणून एक बोट जरासं काढलं, आणि तेवढ्यात बाहेर शिट्टी पुन्हा सुरू झाली. मी घाबरून बोट परत घातलं. बंद.

मग ते उठून माझ्याजवळ आले. माझी दोन्ही मनगटं धरली, हळूच, वर्षभरात पहिल्यांदा हात लावला मला, आणि कानाशी तोंड आणून म्हणाले ते बोटांतून मला ऐकू आलं.

"मलापण ऐकू येतेय भागी. तू बोटं घातलीस की ती थांबते, तू काढलीस की वाजवते." त्यांनी दाराकडे बघितलं. "काढ बोटं... ती वाट बघतेय."